घरच्या अंगणात ट्रकचे टायमिंग



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हणालो, ट्रकच्या इंजिनाचे टायमिंग घरच्या घरी कसे लावावे यावर बोलतो. ते क्षणभर थबकले. काल येथे संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या नाट्यसंगीतावर आहे, आणि मधे हा डिझेलचा वास! पण त्यांनी विषय छापला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली अशा व्याख्यानांचा पाया घातला. विद्या चार माणसांच्या कपाटात राहू नये हाच त्यामागचा हेतू असावा असे मी आपल्या समजुतीप्रमाणे धरून चालतो. पंपाच्या पोटात दडलेली विद्याही विद्याच आहे, आणि ती तर फारच थोड्यांच्या कपाटात आहे.

आपल्यापैकी बहुतेकांकडे ट्रक नाही हे मला ठाऊक आहे. परंतु आज सकाळी आपल्या घरात जो कांदा चिरला गेला तो लासलगावाहून किंवा जुन्नराहून कोणाच्या तरी ट्रकमधूनच आला. त्या ट्रकचे इंजिन वेळेवर पेटते की उशिरा, यावर त्या कांद्याचे भाडे थोडेसे आणि त्या ड्रायव्हरच्या घरची चूल पुष्कळशी अवलंबून असते. ती कशी, ते मी पुढे सांगणारच आहे.

प्रथम टायमिंग म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर चढतो, नळकांड्यातली हवा पंधरा ते वीस पट दाबून टाकतो, आणि दाबाने ती हवाच इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा शिरला की आपोआप पेट घेतो. प्रश्न एवढाच की हा फवारा कोणत्या क्षणी सोडायचा.

झोपाळ्याचे उदाहरण घ्या. मूल झोपाळ्यावर बसले आहे आणि आपण मागे उभे राहून झोका देत आहोत. झोपाळा आपल्याकडे येत असतानाच हात लावला तर मनगटाला झटका बसतो आणि झोकाही मोडतो. तो पार पुढे निघून गेल्यावर ढकलू म्हटले तर हात नुसता हवेत जातो. इंजिनातही तेच. डिझेल लवकर पेटले तर वर येणाऱ्या दट्ट्यावरच घाव बसतो, इंजिन घण मारल्यासारखे खडखडते, हेड गॅस्केट आणि बेअरिंगे यांचे आयुष्य कमी होते. उशिरा पेटले तर दट्ट्या खाली पळत असतो आणि जाळ त्याच्या मागे धावतो. अंगातला जोर जातो, धूर वाढतो, उष्णता धुराड्यावाटे बाहेर पडते, आणि टाकीतले डिझेल मात्र तेवढेच किंवा अधिक खर्च होते.

आता हा क्षण किती बारीक आहे ते पाहा. मी शाळा सातवीत सोडली, पण हे गणित सातवीचेच आहे. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेते असे धरू. म्हणजे सेकंदाला ३३ फेऱ्यांहून थोडे अधिक. एका फेऱ्याचे ३६० अंश. गुणाकार केला तर सेकंदाला १२,००० अंश होतात. डिझेल आत शिरल्यापासून पेट घेईपर्यंत एक सहस्रांश सेकंद गेला असे मानले, तर तेवढ्यात इंजिन १२ अंश फिरून जाते. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या काही अंश आधीच फवारा सुरू करावा लागतो. किती अंश आधी, हे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असते आणि ते कारखान्याने पाटीवर किंवा पुस्तकात दिलेले असते. शेजारच्या गाडीचा अंश आपल्या गाडीला लावू नये. हे मी मुद्दाम सांगतो, कारण रस्त्यावर असले सल्ले फुकट मिळतात.

हा क्षण पूर्वी कोणाच्या हाती होता, हेही थोडे सांगण्यासारखे आहे. फोर्डच्या जुन्या ‘मॉडेल टी’ गाडीत आणि १९१७ साली निघालेल्या तिच्या ‘टीटी’ ट्रकमध्ये सुकाणूच्या चाकाखाली एक दांडी असे. ठिणगी लवकर की उशिरा, हे चालक त्या दांडीने स्वतः ठरवी. डिझेलची कथा निराळी. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले, पण त्यात इंधन आत फुंकायला दाबलेली हवा लागे आणि ती दाबणारे अवजड यंत्र बरोबर बाळगावे लागे. ट्रकला ते कसे झेपणार! १९२७ साली रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात डिझेल पंपाचे ठोक उत्पादन सुरू झाले आणि मग डिझेल खऱ्या अर्थाने रस्त्यावर उतरले. आपल्याकडे १९५१ साली बंगलोरला मायको निघाली, १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, आणि सरळ रांगेत सहा प्लंजर असलेला तो पंप पुढची कित्येक दशके घाटाघाटातून फिरला. अशा पंपाच्या जुन्या गाड्या अजूनही खेड्यापाड्यांतून वाळू, ऊस, विटा वाहताना दिसतात. माझे आजचे बोलणे या गाड्यांपुरते आहे. नव्यांविषयी शेवटी बोलेन.

मी पंधराव्या वर्षी क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो. टायर ठोकून पाहणे, काच पुसणे, रात्री ताडपत्रीवर झोपणे ही माझी कामे. गाडी गॅरेजला लागली की मी मिस्त्रींच्या मागे उभा राही. ते पाने मागत ते मी देई, पंप बसवताना दिवा धरी. पण टायमिंग मिळवण्याची वेळ आली की मिस्त्री नेमके मला चहा आणायला पिटाळीत. एकदा धीर करून विचारले, ‘उस्ताद, हे बघतात कसं?’ उत्तर मिळाले, ‘तू टायर बघ.’ त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याही उस्तादाने त्यांना चहालाच पाठवले असणार, आणि हातातली विद्या गेली तर पोट कशावर भरायचे ही धास्ती खरी होती. पुढे रद्दीच्या दुकानात एका इंजिनाचे इंग्रजी पुस्तक मिळाले. शब्दकोश शेजारी ठेवून, एका पानाला एक रविवार, असे ते वाचले. मिस्त्री जे लपवीत होते ते त्यात साडेतीन पानांत होते.

ती साडेतीन पाने आता मी आपल्यापुढे उलगडतो.

टायमिंगला हात लावण्यापूर्वी बाकीच्यांची चौकशी करावी. हवेचा फिल्टर चोंदला असेल, डिझेलच्या फिल्टरात कचरा असेल, टॅपेट ढिले असतील, नोझल फवाऱ्याऐवजी लाळ गाळीत असेल, तरी गाडी काळा धूर टाकते आणि ओढत नाही. या सगळ्यांचे खापर टायमिंगवर फुटते. एवढे सगळे ठीक करूनही दुखणे राहिले तरच पुढे जावे. शिवाय पंप नुकताच कॅलिब्रेशनहून आला असेल आणि तेव्हापासून गाडी बिघडली असेल, तर संशय टायमिंगवर घ्यायला हरकत नाही.

गाडी सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढून चाकांना लाकडी ठोकळे लावावे, गिअर न्यूट्रलला, आणि बॅटरीची तार सोडून ठेवावी. आपण पुलीवर पाना लावून उभे असताना एखाद्या उत्साही पोराने स्टार्टर मारला तर हात जाईल. इंजिन थंड असावे. पंप आणि त्याच्या आजूबाजूची जागा ब्रश आणि डिझेलने स्वच्छ धुवावी. याचा कंटाळा करू नये. प्लंजर आणि त्याचे नळकांडे यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि आपला केस त्याच्या वीसपट तरी जाड असतो. पंपातले भाग चिंधीने पुसू नयेत, चिंधी धागे सोडते. घरातली एक झाकणाची स्टीलची वाटी मागून घ्यावी आणि तीत स्वच्छ डिझेल भरून ठेवावे. ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे आधीच कबूल करून घेतलेले बरे.

आता पहिले नळकांडे दाबाच्या माथ्यावर आणायचे. चार ठोक्यांच्या इंजिनात दट्ट्या माथ्यावर दोनदा येतो, एकदा हवा दाबताना आणि एकदा धूर बाहेर टाकताना. फसगत येथे होते. सहा नळकांड्यांच्या या इंजिनांचा पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो, म्हणून पहिले आणि सहावे बरोबरच वर येतात. झडपांवरचे झाकण काढून सहाव्याकडे पाहावे. त्याची एक झडप मिटत आहे आणि दुसरी उघडू लागली आहे, अशी दोन्ही डोलत असतील, आणि त्याच वेळी पहिल्याच्या दोन्ही टॅपेटना बोटाने हलवण्याइतकी ढील असेल, तर पहिले दाबावर आहे. पुलीवर किंवा फ्लायव्हीलवर माथ्याची खूण असते. जर्मन कुळीच्या इंजिनांवर तेथे ‘ओ.टी.’ अशी अक्षरे दिसतात. त्या खुणेच्या आधी अंशांच्या रेघा असतात.

मग इंजिन उलटे फिरवून खुणेच्या बरेच मागे, चाळीसेक अंश, न्यावे. पुढचे सगळे फिरवणे इंजिन चालते त्याच दिशेने. उलट दिशेने येऊन खूण गाठली तर गिअरच्या दात्यांमधली ढील मोजमापात शिरते आणि सगळे खोटे ठरते.

पंपावरची पहिल्या नळकांड्याची नळी सोडावी. तिच्याखालचा होल्डर उघडून आतली स्प्रिंग आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून त्या वाटीत ठेवावा. होल्डर परत बसवून त्यावर बगळ्याच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी लावावी. बाजारात ती मिळते, आणि जुन्या नळीची घरीही करता येते. पंप बंद करण्याची दांडी चालू स्थितीत आणि अॅक्सिलरेटरची पूर्ण ओढलेली. आता हातपंपाने डिझेल चढवले की त्या मानेतून अखंड धार पडू लागते. खाली परात ठेवावी. एकाने हातपंप मारीत राहावे आणि दुसऱ्याने पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन अगदी हळूहळू पुढे न्यावे. धार बारीक होते, तुटते, तिचे थेंब होतात, आणि मग थेंबही पडावा की नाही अशा बेतात थांबतो. प्लंजरने येणारे भोक झाकले तो हा क्षण. फवाऱ्याचा आरंभ येथे होतो. तिथेच थांबून पुलीवरचा अंश वाचावा.

पाटीवरचा अंश आणि हा अंश जुळला तर पंपाला हात लावू नये, दुखणे दुसरीकडे आहे. जुळला नाही तर पंपाचे बांधणीचे नट सैल करावे. काही ठिकाणी पंपाच्या फ्लॅंजला लांबट भोके असतात आणि पंपच थोडा फिरतो, काही ठिकाणी कपलिंगवर सोय असते. पंप फिरणारा असेल तर त्याचा दांडा ज्या दिशेने फिरतो तिच्या उलट पंपाचे अंग वळवले की टायमिंग लवकर होते, त्याच दिशेने वळवले की उशिरा. आणि लक्षात ठेवावे की पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिनाचे सहा अंश म्हणजे पंपाचे तीन. दहा सेंटिमीटर व्यासाच्या फ्लॅंजवर तीन अंश म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास, तांदळाच्या दाण्याच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त! म्हणून हातोडा मारून पंप सरकवणाऱ्या माणसाला गाडीजवळ येऊ देऊ नये. नट आवळल्यावर इंजिन पुन्हा मागे नेऊन सगळी तपासणी पहिल्यापासून करावी, एकदा नव्हे, दोनदा. आवळताना पंप हलतोच. मग वाटीतला व्हॉल्व्ह परत बसवावा, नळ्यांमधली हवा काढावी आणि गाडी चालू करावी.

दोन गोष्टींना मात्र घरी हात लावू नये. पंपाच्या गव्हर्नरवर शिशाचे सील असते ते तोडू नये. तिथला स्क्रू पिळून ‘गाडी ओढायला लावणारे’ लोक फक्त जास्त डिझेल आत लोटतात, आणि ते काळ्या धुराच्या रूपाने आपल्याच गावात पसरते. दुसरे, चालत्या इंजिनात नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नये. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो, वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट सडते. असे झाले तर दुखत नसले तरी तडक दवाखान्यात जावे.

हे सारे मी कामगार संघटनेचा माणूस का सांगतो, तिकडे आता वळतो.

आमच्या भागातल्या एका वाहतूक धंद्यात ड्रायव्हरांना ‘अॅव्हरेज’ ठरवून दिलेले होते. लिटरला चार किलोमीटर पडलेच पाहिजेत, कमी पडले तर फरकाचे डिझेल पगारातून कापायचे. हिशोब करा. मुंबई ते दिल्ली अंदाजे १,४०० किलोमीटर. चारच्या हिशोबाने ३५० लिटर. गाडीने साडेतीन दिले तर ४००. पन्नास लिटर फरक. लिटर नव्वद रुपये धरला तर एका फेरीला ४,५०० रुपये, एका बाजूचे. आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे कागदावर शब्द लिहिला जातो तो ‘चोरी’. रस्त्यावर डिझेल विकले, असा अर्थ. विकणारे असतातच, ते मी नाकारीत नाही. पण सगळ्यांची गाडी एकाच मापाने मोजायची आणि इंजिनाला एक शब्दही विचारायचा नाही, हा कुठला न्याय?

एक ड्रायव्हर माझ्याकडे आला. वय पन्नाशीचे, दोन महिने कपात झालेली, मुलीचे लग्न ठरलेले, आणि गावात चोर अशी कुजबूज. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, ‘पंप केव्हा उतरवला होता?’ तो म्हणाला, ‘दिवाळीनंतर.’ कपात केव्हापासून? दिवाळीनंतरच. आम्ही लेखी मागणी केली की दोन्ही बाजूंच्या देखत टायमिंग तपासावे. पुष्कळ ओढाताण झाली. अखेर त्यांच्याच आवारात, कडुलिंबाखाली, त्यांचे व्यवस्थापक खुर्चीवर बसलेले असताना आम्ही ती बगळ्याची मान लावली. थेंब थांबला तो पाटीवरच्या अंशापेक्षा सहा अंश उशिरा. व्यवस्थापकांनी स्वतः वाकून रेघा मोजल्या, चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. हवेचा फिल्टरही काळाकुट्ट निघाला. सगळी घट टायमिंगमुळेच होती असे मी म्हणणार नाही. पण ती ड्रायव्हरमुळे होती असे यापुढे कोणालाच म्हणता आले नाही. दोन महिन्यांची कपात परत मिळाली. तो शब्द मात्र कागदावरून खोडून घ्यायला आणखी चार महिने लागले, आणि मला विचाराल तर तेच काम मोठे होते.

कायदा याबाबतीत मुका नव्हता. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान त्या कामगाराच्या हयगयीने किंवा कसुरीने झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ठेवले आहे. पण बाजू मांडायची म्हणजे काय सांगायचे? ‘साहेब, मी चोरी केली नाही,’ एवढे वाक्य कोणीही बोलतो आणि कोणीही ऐकत नाही. ‘साहेब, माझ्या गाडीचा पंप सहा अंश उशिरा आहे, या, दाखवतो,’ हे वाक्य ऐकावेच लागते. तेव्हापासून आमच्या संघटनेच्या कचेरीत, पावतीपुस्तकांच्या शेजारी, ती वाकडी नळी खिळ्याला टांगलेली असते. महिन्यातून एका रविवारी ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांनाही शिकवतो. क्लीनरला चहाला पाठवत नाही. चहा आधीच पिऊन घेतो.

आता नव्या गाड्या. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्या भारत स्टेज सहाच्या नियमांनुसारच विकल्या जाऊ लागल्या. यांच्यात फवारा केव्हा सोडायचा हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. क्रँकवर आणि कॅमवर बसवलेले सेन्सर त्याला इंजिन कुठे आहे ते कळवतात, आणि तो नोझलला विजेने हुकूम सोडतो. धूर पुष्कळ कमी झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. मुंबई-नाशिक रस्त्याने कसारा घाट चढताना पूर्वी समोरची गाडी दिसत नसे, ते दिवस कोणी परत मागू नयेत. परंतु या गाड्यांच्या नळ्यांत हजार-दीड हजार वातावरणांहून अधिक दाब असतो. तेथे पाना लावून बगळ्याची मान बसवायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ. घरी करण्याजोगे तेथे काहीच नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग ड्रायव्हरने बाजू मांडायची कशी? संगणकाच्या स्मरणात बिघाडाचे आकडे साठतात, ते वाचणारे यंत्र मिळते, आणि ते मालकाच्या वर्कशॉपमध्ये असते. आमची सध्याची मागणी साधी आहे. अॅव्हरेजवरून कपात करायची असेल तर त्या दिवशीचे त्या यंत्रावरचे वाचन छापून ड्रायव्हरच्या हाती द्यावे. दोन मालकांनी ते मान्य केले आहे, बाकीच्यांशी बोलणी चालू आहेत. एका बैठकीत मला विचारण्यात आले, ‘तुमच्या माणसांना ते आकडे वाचता येतील का?’ मी सांगितले, शब्दकोश आमच्याकडे आहे आणि रविवारही आहेत.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा थांबतो. या टेबलावर, कापडाखाली, एका मोडीत गेलेल्या गाडीचा पंप आम्ही अर्धा उघडून आणला आहे. दांडा हाताने फिरवला की प्लंजर क्रमाने वर येताना दिसतात. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी आभारप्रदर्शनानंतर पुढे यावे. लहान मुलांना आधी पाहू द्यावे, आणि पांढरे कपडे घातलेल्यांनी जरा जपून.